भिंतीवर टांगलेलं श्रेय: आधुनिक भौतिकशास्त्राच्या २० तक्त्यांचा संच

विज्ञान दिन जवळ आला की मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या आसपासच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत भिंतीवरच्या तक्त्यांना मागणी येते. हा त्यातलाच एक संच. मराठी मजकूर, २० तक्ते, प्रत्येक ५८ बाय ९० सेंटिमीटर, वर-खाली प्लॅस्टिकची पट्टी आणि टांगायला दोरी. पूर्ण संच ३,२०० रुपये, सुटा तक्ता १८० रुपये. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली सांगितलेल्या बहुतेक चुका एका छापखान्याच्या नाहीत. पाठ्यपुस्तक, गाइड, प्रश्नमंजुषा असा प्रवास करत त्या तक्त्यावर येऊन बसल्या आहेत.

आधी चांगलं सांगतो. छपाई स्वच्छ आहे, अक्षर दीड मीटरवरून वाचता येतं. परिभाषा राज्य मंडळाच्या पुस्तकांशी जुळते: स्कॅटरिंगला विकिरण, डिस्पर्शनला अपस्करण, रेडिएशनला प्रारण. जुन्या तक्त्यांमध्ये या तिन्ही शब्दांची खिचडी असते, इथे नाही. लॅमिनेशन चकचकीत आहे, त्यामुळे खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला तर अर्धा तक्ता नुसता उजेड दाखवतो. तेवढी काळजी घ्या.

अडचण आहे ती प्रत्येक तक्त्याच्या वरच्या चौकोनात. तिथे तीनच रकाने आहेत: 'शोध', 'शोधक', 'वर्ष'. एक शोध, एक चेहरा, एक साल. विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राचा एकही मोठा शोध या साच्यात नीट बसत नाही. निदान चार रकाने हवेत: भाकीत कोणी केलं, मोजलं कोणी, छापून आधी कोणाचं आलं आणि बक्षीस कशासाठी मिळालं. श्रेयाचे बहुतेक वाद या चार उत्तरांपैकी एक उचलून तेच चारही प्रश्नांचं उत्तर म्हणून सांगितल्यामुळे होतात.

तक्ता तपासायची रीत सोपी आहे. मूळ शोधनिबंधाचं पहिलं पान काढा. त्यावर नियतकालिकाला निबंध कधी मिळाला ती तारीख असते. 'नेचर'च्या जुन्या पत्रांमध्ये ती शेवटी, लेखकाच्या पत्त्याजवळ छापलेली सापडते. मग लेखकांची नावं, सगळी आणि आहेत त्याच क्रमाने. शेवटी नोबेलचं मानपत्र, म्हणजे ते एक वाक्य ज्यात पारितोषिक कशासाठी हे लिहिलेलं असतं. मानपत्र न वाचता 'अमक्याचं नोबेल तमक्याला गेलं' असं छापणं हा या संचाचा आवडता छंद आहे. नियमही ध्यानात ठेवा: एका पारितोषिकात जास्तीत जास्त तिघे, मृत व्यक्तीला नाही, नामांकनं ३१ जानेवारीपर्यंत आणि ती ५० वर्षं गुप्त.

या कसोटीवर तक्ता क्रमांक ९, रामन परिणाम, म्हणजे पदार्थातून विकिरित होताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलणं. फेब्रुवारीत सर्वांत जास्त टांगला जाणारा हाच. वर्ष १९२८, तारीख २८ फेब्रुवारी, शोधक चंद्रशेखर वेंकट रामन. यातलं काहीच खोटं नाही आणि तरी तक्ता अपुरा आहे. 'नेचर'मधलं पहिलं टिपण रामन आणि के. एस. कृष्णन या दोघांच्या नावावर आहे. त्यावर १६ फेब्रुवारीची तारीख आहे आणि ते छापलं गेलं ३१ मार्च १९२८ रोजी. म्हणजे विज्ञान दिनाच्या १२ दिवस आधी परिणाम हाती होता. सूर्यप्रकाश निळ्या-जांभळ्या गाळणीतून द्रवावर सोडायचा आणि विकिरित प्रकाश हिरव्या-पिवळ्या गाळणीतून बघायचा. रंग बदललाच नसता तर दुसऱ्या गाळणीतून काहीच दिसायला नको होतं. दिसलं. २८ तारखेला वर्णपटदर्शकातून बदललेला प्रकाश वेगळा ओळखता आला आणि ती तारीख पक्की झाली. तक्त्यावर कृष्णन यांचं नाव कुठेच नाही.

दुसऱ्या बाजूला मॉस्को. ग्रिगोरी लांड्सबर्ग आणि लिओनिड मांडेलश्टाम यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम २१ फेब्रुवारीच्या सुमारास पाहिला. त्यांच्या टिपणावर तारीख ६ मे, ते छापलं गेलं जुलैमध्ये. रशियन पुस्तकांमध्ये आजही या परिणामाला रामनचं नाव नाही, 'संयुक्त विकिरण' अशा अर्थाचा शब्द आहे. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र होती, छपाईत कोलकाता पुढे होतं. आणि असं काही घडेल हे ऑस्ट्रियाच्या आडोल्फ स्मेकाल यांनी १९२३ मध्येच कागदावर मांडलं होतं. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. हे सगळं तक्त्यावर चार ओळींत मावतं. जागाही आहे, कारण खाली डाव्या कोपऱ्यात कमळाचं चित्र आहे. का आहे, देव जाणे.

याच तक्त्यात एक शुद्ध भौतिकी चूक आहे आणि ती श्रेयाच्या चुकीहून घातक, कारण परीक्षेत गुण जातील. आकृतीत स्टोक्स रेषा मूळ रेषेच्या निळ्या बाजूला दाखवली आहे. स्टोक्स विकिरणात प्रकाशकण रेणूला ऊर्जा देऊन जातो, म्हणून त्याची तरंगलांबी वाढते आणि रेषा तांबड्या बाजूला सरकते. शिवाय दोन्ही रेषा सारख्याच जाड काढल्या आहेत. नेहमीच्या तापमानाला बहुतेक रेणू सर्वांत खालच्या पातळीवर असतात, त्यामुळे रेणूकडून ऊर्जा उचलणाऱ्या प्रतिस्टोक्स रेषा फिक्या असतात. छापणाऱ्याने बहुधा आकृती आरशात बघून काढली.

तक्ता ११, चंद्रशेखर मर्यादा, म्हणजे श्वेतबटू (इंधन संपून आकसलेला तारा) जास्तीत जास्त किती वस्तुमानाचा असू शकतो ती मर्यादा. याला मुंबईत वेगळं महत्त्व आहे, कारण ३१ जुलै १९३० रोजी १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर याच बंदरातून बोटीने निघाले आणि प्रवासात त्यांनी तो हिशेब केला. तक्त्यावर बोट आहे, समुद्र आहे, मुंबईचं नाव नाही. असो. मोठी गफलत छायाचित्रात आहे. 'फाउलर यांच्या सिद्धांतावर आधारित, १९२६' असं लिहून शेजारी विल्यम फाउलर यांचा फोटो लावला आहे. १९२६ मध्ये विल्यम फाउलर १५ वर्षांचे होते. श्वेतबटू ताऱ्याला इलेक्ट्रॉनांचा पुंजदाब तोलून धरतो हे १९२६ मध्ये दाखवणारे ते केंब्रिजचे राल्फ फाउलर. विल्यम फाउलर म्हणजे अमेरिकेतले, १९८३ चं नोबेल चंद्रशेखर यांच्यासोबत वाटून घेणारे. दोघे फाउलर एकाच गोष्टीच्या दोन टोकांना उभे आहेत, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. पण तक्ता १८० रुपयांचा आहे.

पुढे '१९३०: १.४४ सौरवस्तुमान' असं छापलं आहे. १९३१ च्या निबंधातला आकडा सुमारे ०.९१ होता. सूत्र तेच, पण ताऱ्याच्या द्रव्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे सरासरी किती वस्तुमान धरायचं यावर उत्तर अवलंबून असतं. ५.७६ ला त्या संख्येच्या वर्गाने भागायचं. २.५ धरलं तर ०.९२, २ धरलं तर १.४४. त्या काळात २.५ धरलं जात होतं. विद्यार्थ्याला हे दाखवलं तर पाच मिनिटांत समजतं आणि आकडा का बदलला याचं कोडं उरत नाही.

आणि श्रेय? अशी मर्यादा असते हे चंद्रशेखर यांच्या आधी छापून आलं होतं. एस्टोनियात टार्टूला विल्हेल्म अँडरसन यांनी १९२९ मध्ये आणि इंग्लंडमध्ये लीड्सला एडमंड स्टोनर यांनी १९३० मध्ये सापेक्षता जमेस धरून मर्यादा काढली होती. फरक असा की त्यांनी संपूर्ण तारा एकसमान घनतेचा मानला. खऱ्या ताऱ्यात घनता केंद्राकडे वाढत जाते आणि त्या रचनेचं गणित चंद्रशेखर यांनी केलं. त्यामुळे मर्यादेला त्यांचं नाव योग्यच आहे, पण 'जगात प्रथमच' हे दोन शब्द काढायला हवेत. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी या मर्यादेच्या केलेल्या टवाळीला तक्त्याने अर्धी जागा दिली आहे. नाट्य आहे, मान्य. पण 'एडिंग्टनमुळे नोबेल ५० वर्षं लांबलं' हे विधान मानपत्रावरून सिद्ध होत नाही. मानपत्र ताऱ्यांची रचना आणि उत्क्रांती यांवरच्या एकूण सैद्धांतिक अभ्यासाचं आहे.

तक्ता ८, बोस सांख्यिकी: एकच वाक्य खोडायचं. 'बोस यांनी पदार्थाच्या नव्या अवस्थेचं भाकीत केलं' असं आहे. ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी जून १९२४ मध्ये आइन्स्टाइनना पाठवला तो निबंध प्रकाशकणांच्या मोजणीबद्दल होता. तो जर्मनमध्ये आणून छापायला दिला आइन्स्टाइननी. ती मोजणी अणूंना लावली आणि थंडीत अणू एकाच अवस्थेत गोळा होतील हे काढलं, तेही आइन्स्टाइननीच. संघननाला दोघांचं नाव आहे ते बरोबर, पण भाकीत एकाचं आणि पाया दुसऱ्याचा.

तक्ता १३, केंद्रकीय विखंडन. शोधक: ऑटो हान, १९३८. फोटो म्युनिकच्या संग्रहालयातल्या त्या प्रसिद्ध टेबलाचा. त्या टेबलावरची पाटीसुद्धा वर्षानुवर्षं एकट्या हान यांच्या नावाची होती, म्हणजे आपल्या तक्तेवाल्याला एकट्याला दोष देता येत नाही. बर्लिनमध्ये युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर बेरियम मिळतं हे रसायनाने पक्कं करणारे दोघे, हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान. त्यांचा निबंध जानेवारी १९३९ च्या सुरुवातीला आला. लिझे माइटनर या चमूच्या भौतिकशास्त्रज्ञ. ज्यू असल्याने जुलै १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावं लागलं होतं, म्हणून निबंधावर त्यांचं नाव नाही. बेरियम कुठून आलं याचा अर्थ माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी लावला: केंद्रक थेंबासारखं ताणून दुभंगतं, प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या पाचव्या हिश्शाएवढं वस्तुमान कमी होतं आणि सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते. 'नेचर', ११ फेब्रुवारी १९३९. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हान यांना मिळालं. माइटनर यांची नामांकनं दोन विषयांत मिळून चाळिसाच्या वर आहेत. नामांकनांची जुनी नोंदवही नोबेल संस्थेने महाजालावर खुली ठेवली आहे, नाव टाकलं की वर्षवार यादी मिळते. तक्त्यावर माइटनर 'हान यांच्या सहकारी' म्हणून एका कंसात आहेत आणि श्ट्रासमान तेवढेही नाहीत.

पॅरिटीचा, म्हणजे निसर्गातल्या डाव्या-उजव्याच्या समतेचा तक्ता, क्रमांक १५, हा संचातला सर्वांत चिडवणारा. वर ली आणि यांग, १९५७. खाली चिएन-शिउंग वू यांच्या फोटोखाली 'साहाय्यक संशोधक'. साहाय्यक कोणाच्या? प्रयोग त्यांनीच आखला होता. ली आणि यांग यांनी ऑक्टोबर १९५६ च्या निबंधात दाखवलं की दुर्बल बलात (किरणोत्सारी बीटा क्षयामागच्या बलात) डावं-उजवं सारखंच असतं याला पुरावाच नाही, आणि तपासायचं कसं हेही सुचवलं. वू यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत कोबाल्ट-६० ची केंद्रकं सुमारे ०.०१ केल्विनपर्यंत थंड करून चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला वळवली. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या फिरकीच्या उलट दिशेला जास्त निघाले. एवढं थंड का? केंद्रकाचं चुंबकत्व इतकं क्षीण असतं की उष्णतेची जराशी धडपडही त्याची रांग मोडते. प्रयोगातही अडचण हीच होती. स्फटिक हळूहळू तापत जायचा तसा फरक मावळायचा, आणि मोजणी त्याच मोजक्या मिनिटांत उरकावी लागायची.

नोबेल वू यांना का नाही, याचं तक्त्यातलं उत्तर 'स्त्री म्हणून' एवढंच. तो भाग नाकारायचं कारण नाही, पण हिशेब त्याहून गुंतागुंतीचा आहे. वू यांच्या निबंधावर पाच नावं आहेत: वू, अँब्लर, हेवर्ड, हॉप्स, हडसन. त्याच अंकात गार्विन, लेडरमन आणि वाइनरिख यांचा दुसऱ्या पद्धतीने केलेला प्रयोग आहे. तिघांची मर्यादा असताना ली आणि यांगनंतर एकच जागा उरते. शिवाय वू यांचा निबंध फेब्रुवारी १९५७ मध्ये छापून आला, नामांकनं ३१ जानेवारीला बंद. हे कारण १९५७ पुरतं चालतं. पुढच्या वर्षांसाठी चालत नाही, आणि तिथे टीका रास्त आहे.

आता तक्ता २०, 'डावललेले भारतीय'. विक्रेते हाच पुढे करतात, प्रदर्शनात गर्दीही यापुढेच होते. यात खरी प्रकरणं आणि फुगवलेली प्रकरणं एकाच पंगतीला बसवली आहेत, आणि त्यामुळे खऱ्यांचं नुकसान होतं.

विभा चौधरी. छापलंय: 'पॉवेल यांच्या आधी सहा वर्षं पायॉन शोधला'. पायॉन म्हणजे मेसॉन जातीचा एक अतिसूक्ष्म कण, पॉवेल म्हणजे ब्रिस्टलचे सेसिल पॉवेल. झालं असं. देवेंद्रमोहन बोस आणि विभा चौधरी यांनी दार्जिलिंगच्या बाजूच्या उंच डोंगरांवर फोटोप्लेट विश्वकिरणांत ठेवल्या, उमटलेल्या मार्गांच्या वळणांवरून कणाचं वस्तुमान काढलं आणि १९४१-४२ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. आकडा आला इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. आज आपल्याला ठाऊक आहे की म्यूऑन हा दुसरा, हलका कण २०७ पट आणि पायॉन २७३ पट. त्यांच्या हाफ-टोन प्लेटना दोघांना वेगळं करण्याएवढी धार नव्हती आणि युद्धामुळे चांगल्या प्लेट मिळेनात. ब्रिस्टलच्या गटाला युद्धानंतर इल्फर्डच्या नव्या, दाट इमल्शनच्या प्लेट मिळाल्या. त्यांवर पायॉन थांबून त्यातून म्यूऑन निघताना दिसला तो १९४७ मध्ये. पॉवेल यांचं १९५० चं मानपत्र दोन गोष्टींचं आहे: फोटो-पद्धतीचा विकास आणि तिच्या साहाय्याने मेसॉनविषयी लागलेले शोध. पहिल्या भागात चौधरी आणि बोस यांचा, आणि त्यांच्याही आधी व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ यांचा हक्क ठळक आहे. दुसऱ्या भागात नाही. 'पद्धत आणि वस्तुमानाचा अंदाज आधी, कणाची ओळख नंतर' असं लिहा, कोणी खोडू शकणार नाही. आणि ब्रिस्टलच्या निबंधावर पॉवेल यांच्यासोबत लॅटेस, म्युरहेड आणि ओकियालिनी ही नावंही आहेत. ब्राझीलच्या तक्त्यांवर लॅटेस असेच 'डावललेले' असतील!

विभा चौधरी १९४९ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री-संशोधक म्हणून. मुंबईत विकल्या जाणाऱ्या तक्त्यावर ही ओळ असायला हरकत नव्हती.

ई. सी. जी. सुदर्शन हे खरं जड प्रकरण, आणि नेमकं तेच चुकीचं मांडलंय. तक्त्यानुसार 'सुदर्शन यांचं नोबेल फाइनमन यांना मिळालं'. फाइनमन यांचं १९६५ चं नोबेल पुंज विद्युतगतिकीसाठी, गेल-मान यांचं १९६९ चं मूलकणांच्या वर्गीकरणासाठी. दुर्बल बलाच्या 'व्ही मायनस ए' सिद्धांताला स्वतंत्र नोबेल कोणालाच मिळालेलं नाही. सुदर्शन आणि त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट मार्शाक यांनी तो सिद्धांत सप्टेंबर १९५७ मध्ये इटलीतल्या परिषदेत मांडला आणि त्याच्या आड येणारे चार प्रयोग चुकीचे असावेत असं सांगण्याचं धाडसही केलं. ते प्रयोग पुढे खरंच मोडीत निघाले. पण परिषदेचा वृत्तान्त १९५८ मध्ये निघाला आणि फाइनमन-गेल-मान यांचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'त १ जानेवारी १९५८ लाच आला. परिषदेत आधी बोलणं आणि नियतकालिकात आधी छापणं यांत दुसऱ्याचं पारडं जड होतं, ते असं.

नोबेलशी थेट संबंध आहे तो २००५ चा, आणि तक्त्यात तो नाहीच. रॉय ग्लॉबर यांना प्रकाशाच्या सुसंगतीच्या (लहरी एकमेकींशी जुळून असण्याच्या) पुंजसिद्धांतासाठी अर्धं पारितोषिक मिळालं. उरलेलं अर्धं हॉल आणि हेन्श यांना. ग्लॉबर यांचा पहिला छोटा निबंध फेब्रुवारी १९६३ चा. पण कोणत्याही प्रकाशाची पुंजअवस्था सुसंगत अवस्थांच्या कर्णरूपात लिहिता येते, हे सूत्र सुदर्शन यांच्या एप्रिल १९६३ च्या निबंधात आहे. ग्लॉबर यांनी ते त्यानंतर, त्याच वर्षी, 'पी' हे नाव देऊन वापरलं. पुस्तकांत त्याला ग्लॉबर-सुदर्शन निरूपण म्हणतात. तिघांची मर्यादा इथेही भरलेली होती. सुदर्शन यांनी नोबेल समितीला पत्र लिहून आक्षेप नोंदवला. सुदर्शन अमेरिकेला जाण्यापूर्वी टाटा संस्थेतच होते.

होमी भाभा या तक्त्यात 'अणुऊर्जेचे जनक' म्हणून आहेत, जे श्रेयाच्या वादात कुठेच बसत नाही. त्यांचं बसणारं काम म्हणजे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विकिरण, ज्याला आजही भाभा विकिरण म्हणतात, आणि हाइटलर यांच्यासोबतचा विश्वकिरणांच्या वर्षावाचा १९३७ चा सिद्धांत. तोच हिशेब त्याच वर्षी कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे केला. एकाच वेळी दोन ठिकाणी शोध लागल्याचं इतकं स्वच्छ, भांडण नसलेलं उदाहरण हाताशी असून वापरलं नाही.

आणि जो तक्ता हवाच होता तो संचात नाही: १९६५, वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे जवळपास कशालाही न अडणारे सूक्ष्म कण. टाटा संस्था, ओसाका आणि डरहॅम यांच्या गटाने कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल शोधयंत्रं लावली. फ्रेडरिक राइनेस यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत, ३.२ किलोमीटर खोल. इतक्या खोल का? वरून येणारे म्यूऑन खडक अडवतो. जे थोडे पोचतात ते जवळपास सरळ उभे येतात. आडवा आलेला म्यूऑन मात्र शेजारच्या खडकात न्यूट्रिनोने घडवलेला असणार. राइनेस यांच्या गटाने पहिली घटना फेब्रुवारी १९६५ मध्ये टिपली, कोलारची नंतरची. कोलारचा निबंध १२ जुलैला दाखल होऊन १५ ऑगस्टला छापला गेला, राइनेस यांचा २६ जुलैला दाखल होऊन ३० ऑगस्टला. आधी दिसलं एकाला, आधी छापलं दुसऱ्याने. 'शोधक' आणि 'वर्ष' या रकान्यांत हे कोंबून दाखवावं!

उरलेले भराभर. तक्ता ५, सापेक्षता: आइन्स्टाइनना नोबेल सापेक्षतेसाठी मिळाल्याचं छापलंय. १९२१ चं ते पारितोषिक, १९२२ मध्ये दिलेलं, प्रकाशविद्युत परिणामासाठी होतं. तक्ता २: मिलिकन यांच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगात त्यांचे विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांचं नाव नाही. तक्ता १०, विस्तारणारं विश्व: फक्त हबल, १९२९. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये फ्रेंचमध्ये हेच नातं काढलं होतं आणि हबल यांनी वापरलेले बहुतेक वेग व्हेस्टो स्लायफर यांचे होते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने मतदान घेऊन 'हबल-लमेत्र नियम' म्हणायची शिफारस केली, ७८ टक्के मतांनी. तक्ता त्यानंतरचा असून जुनंच नाव. तक्ता १७, पल्सार: जोसेलिन बेल यांचा फोटो मोठा आहे, हे बरं. पण नेचरमधल्या फेब्रुवारी १९६८ च्या निबंधावर पाच नावं आहेत आणि त्यांत बेल दुसऱ्या, हे लिहिलं असतं तर बेल यांना वगळून दिलेल्या १९७४ च्या नोबेलवरचा वाद मुलांना स्वतः समजला असता. तक्ता १८, हिग्ज: १९६४ मध्ये एकाच नियतकालिकात तीन निबंध आले. ब्राऊट-एंग्लेर ऑगस्टमध्ये, हिग्ज ऑक्टोबरमध्ये, गुराल्निक-हेगन-किबल नोव्हेंबरमध्ये. ब्राऊट २०११ मध्ये वारले, २०१३ चं नोबेल एंग्लेर आणि हिग्ज यांना. आणि तो कण सापडल्यावर त्याचं वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या संयुक्त निबंधावर ५,१५४ लेखक आहेत. ३३ पानांपैकी २४ पानं नावांचीच.

डोळे झाकून घ्यावेत असे तक्ते: ६, अणुकेंद्रक (गायगर आणि मार्स्डेन यांची नावं रदरफर्ड यांच्या बरोबरीने), १२, न्यूट्रॉन (चॅडविक यांच्या आधी जोलिओ-क्यूरी दांपत्याला तोच परिणाम दिसून त्यांनी तो गॅमा किरण कसा समजला हे दोन ओळींत सुरेख सांगितलंय), १६, विश्वाचं पार्श्वभूमी प्रारण (आल्फर आणि हर्मन यांचं १९४८ चं सुमारे ५ केल्विनचं भाकीत दिलंय) आणि १९, गुरुत्वीय लहरी. यात हिंगोलीत होऊ घातलेल्या वेधशाळेचा नकाशाही आहे.

संच घेतलाच असेल तर दुरुस्तीपट्ट्या लावा. आकार १८ बाय ४ सेंटिमीटर, गमिंगच्या कागदावर, लेझर प्रिंटरने. इंकजेटची शाई मुंबईच्या पावसाळी हवेत पसरते. पट्टी लावायच्या आधी लॅमिनेशन स्पिरिटने पुसा, नाहीतर महिन्याभरात कडा उचलतात. मार्करने थेट लिहू नका, चकचकीत पृष्ठभागावर ते बोटानेही पुसलं जातं. तक्ता १३ साठी हा मजकूर पुरतो: 'रासायनिक पुरावा: हान, श्ट्रासमान. भौतिकी अर्थ: माइटनर, फ्रिश. नोबेल: हान.' तक्ता ९ साठी: 'रामन आणि कृष्णन, कोलकाता. स्वतंत्रपणे लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम, मॉस्को. नोबेल: रामन.' रामनची आकृती मात्र पट्टीने सुधारत नाही. ती झाकून स्वतःची काढून चिकटवा.

आमचं मत: ५ पैकी अडीच. पूर्ण संचात सुट्या किमतीपेक्षा ४०० रुपये वाचतात खरे, पण ११ आणि २० हे दोन तक्ते फुकट दिले तरी भिंतीवर लावण्यासारखे नाहीत. ते वगळून १८ सुटे घेतले तर ३,२४० रुपये होतात, संचाहून ४० रुपये जास्त. म्हणून संचच घ्या, ११ च्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोलारचा तक्ता हाताने काढा आणि २० मधून विभा चौधरी आणि सुदर्शन यांचे फोटो कापून १४ आणि १५ च्या शेजारी लावा. दुकानात गुंडाळी उघडून ९ आणि ११ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. छपाईची दुसरी आवृत्ती आली असेल तर ११ वर फाउलर बदललेला दिसेल. आणि गुंडाळीची नळी ९० सेंटिमीटरची आहे, लोकलमध्ये संध्याकाळी सहानंतर ती उभी धरूनच चढा.